चौदा खोल्या आणि एक झरा

आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती जमीन तळमजल्यावरच्या दादांची. पनवेलजवळच्या विचुंब्यात अशा बऱ्याच इमारती आहेत. बिल्डरने भातशेती घेतली, बदल्यात फ्लॅट आणि रोख रक्कम दिली, आणि जमिनीचा मालक स्वतःच्याच शेतावर बांधलेल्या सोसायटीचा चेअरमन झाला. दादा मला मॅडम म्हणतात, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ताई म्हणतात. मी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं पाणी तपासलं. बॉयलरमध्ये जाणारं, कारखान्यातून बाहेर पडणारं, कॅन्टीनच्या नळाला येणारं. निवृत्त झाले, तरी सोसायटीच्या टाकीत गढूळ पाणी आलं की वॉचमन आधी माझीच बेल वाजवतो.

जानेवारीतल्या एका सकाळी दादांनी बेल वाजवली. हातात पाच लिटरचा कॅन होता.

"मॅडम, हे जरा तपासून द्या. गरम पाण्याच्या झऱ्याचं हाय. गंधक किती, खनिजं कुठली, सगळं लिवून द्या."

महाडच्या पुढे, घाटाच्या पायथ्याशी चौदा खोल्यांचं एक हॉटेल विकायला निघालं होतं. हॉटेलच्या आवारात जमिनीतून गरम पाणी येतं, त्यावर दोन कुंडं बांधलेली. मालक सत्तरीचे, मुलं बाहेरगावी. पनवेलच्या एसटी स्टँडजवळ ऑफिस असलेला एक एजंट दादांच्या मागे लागला होता. त्याने गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका छापली होती. पहिल्याच पानावर डोळे मिटून पाण्यात बसलेली एक गोरी बाई. आतमध्ये लिहिलं होतं की चौदाच्या चाळीस खोल्या करायच्या, गरम पाण्याचा स्विमिंग पूल करायचा, मसाजची सोय करायची. हायवे रुंद होतोय, विमानतळ आलाय, गुडघे तर सगळ्यांचेच दुखतात. फक्त पाण्याचा रिपोर्ट तेवढा जोडायचा राहिला होता.

"या कॅनवर मी काहीच लिहून देणार नाही," मी म्हणाले.

दादांना वाटलं, मी फीचं बोलतेय. ते म्हणाले, "तुमचं काय असेल ते सांगा ना."

"तसं नाही, दादा. तुम्ही म्हणता ते गंधक म्हणजे बरंचसं पाण्यात विरघळलेला वायू असतो. तो वाटेतच उडून जातो. हे पाणी कुणी भरलं, कुठून भरलं, कधी भरलं, काहीच मला माहीत नाही. मी स्वतः जाऊन झऱ्याच्या तोंडाशी भरीन. आणि आत्ता नाही, एप्रिलच्या शेवटी. जमिनीत पाणी किती आहे ते तेव्हा कळतं."

दादा जरा नाराज झाले. तीन महिने थांबायचं म्हणजे एजंटला तोंड द्यावं लागणार. पण मी या बाबतीत हटत नाही, आणि त्याला कारण आहे.

नोकरीच्या मधल्या काळात आमच्या कारखान्यामागच्या ओढ्याला वास येतो म्हणून गावातले लोक तक्रार घेऊन आले होते. साहेबांनी मला नमुना घ्यायला पाठवलं आणि कुठून घ्यायचा तेही सांगितलं: आमचं पाणी जिथे ओढ्याला मिळतं त्याच्या वरच्या अंगाला. मी तिथूनच घेतला. माझ्या अहवालातला प्रत्येक आकडा खरा होता. चार दिवसांनी गेटवर एका बाईने तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "म्हंजे पाणी चांगलं हाय ना?" मी काही बोलले नाही. ती बाई कागदाची घडी घालून निघून गेली. पुढे दुसऱ्या कुणीतरी खालच्या अंगाचा नमुना घेतला आणि कारखान्याला दुरुस्ती करावी लागली, पण ते मी केलं नव्हतं. तेव्हापासून नमुना कुठून घेतला ते ठाऊक नसेल तर मी सही करत नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं दादांच्या गाडीने निघालो. दादा, वहिनी आणि मी. वहिनींना कुणी यायला सांगितलं नव्हतं. "इतक्या पैशांचं पाणी हाय तर मलाही बघू दे," असं म्हणून त्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांचं माहेर उरणकडचं, घरचं मिठागर होतं. लग्नापर्यंत त्यांनी मीठ ओढलं होतं. मोठ्या गाडीत बसल्या तरी पदर खोचून, जरा पुढे सरकून बसतात, उतरल्यावर लगेच काम असल्यासारख्या.

हॉटेल जुनं होतं, पण स्वच्छ. मागे डोंगर सरळ वर गेलेला. मालक काका धोतर नेसून स्वागताला उभे होते. त्यांनी आम्हाला दोन खोल्या दिल्या आणि म्हणाले, "खोलीतही गरम पाणी आहे हो, चोवीस तास." पुस्तिकेतही तसंच होतं: प्रत्येक खोलीत झऱ्याचं खनिजयुक्त पाणी.

प्रवासाने आंबलो होतो. संध्याकाळी वहिनी आणि मी आमच्या खोलीतल्या बाथरूममध्येच आंघोळी केल्या. मी एक बाटली त्या नळाखालीही भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही बायकांच्या कुंडावर गेलो. पाण्यातून वाफ येत होती, आणि तो वास होता, काडीपेटीसारखा. वहिनी पायऱ्या उतरून गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या. मी काठावर बसून थर्मामीटर सोडला. झऱ्याच्या तोंडाशी बावन्न, कुंडात एक्केचाळीस. बाटल्या भरल्या, झाकणं लावली, चिठ्ठ्या चिकटवल्या.

वर आल्यावर वहिनी पायाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ताई, ही माजी जोडवी बघा. काळी पडली."

चांदीची जोडवी खरंच काळपट झाली होती. त्यांना वाईट वाटत होतं, आणि मला मात्र मनापासून आनंद झाला होता.

"घाबरू नका, पुसली की निघेल. हा गंधकाचा पुरावा आहे. या कुंडातलं पाणी अस्सल आहे."

वहिनींनी मान हलवली. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मग काल का नाय झाली? काल तर मी दोन बादल्या घेतल्या अंगावर."

 सत्तावीस वर्षं मी प्रयोगशाळेत काढली, आणि हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. आम्ही तशाच ओल्या केसांनी हॉटेलच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे पत्र्याच्या शेडमध्ये लाकडावर चालणारा बॉयलर होता. शेजारी लाकडं रचलेली होती. बॉयलरला पाणी विहिरीतून येत होतं आणि तिथून पाईप खोल्यांकडे जात होते.

मालक काका चहा घेत व्हरांड्यात बसले होते. मी सरळ विचारलं.

"काका, खोल्यांतलं पाणी झऱ्याचं नाही ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "नाही. खोल्यांत गरम पाणी आहे एवढंच मी म्हटलं. झऱ्याचं आहे असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. ते त्या पुस्तिकेतलं."

"पण पुस्तिका तुमच्या हॉटेलची आहे."

"हो," ते म्हणाले. "मी ती वाचून गप्प बसलो. तेवढी माझी चूक."

दादा मागे येऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. पण गडी लगेच सावरला. "ठीक हाय. बॉयलर काढू, झऱ्याचंच पाणी फिरवू. पाणी तर हाय ना?"

तेच मला बघायचं होतं. झऱ्याचं पाणी एका दगडी पन्हळीतून कुंडांकडे येतं. मी हॉटेलची वीस लिटरची बादली पन्हळीखाली धरली आणि दादांच्या हातात माझं घड्याळ दिलं. बादली भरायला अडीच मिनिटं लागली. मी पुन्हा धरली. पुन्हा अडीच. दादांनी स्वतः तिसऱ्यांदा धरली, बादली जरा आत सरकवून, उगाच. अडीच मिनिटंच.

मी व्हरांड्यातल्या जमिनीवर खडूने मांडून दाखवलं. दिवसभरात जेवढं पाणी येतं त्यात ही दोन कुंडं नीट वाहती राहतात. तेवढंच. स्विमिंग पूल भरायचा तर दहा-बारा दिवस लागतील, आणि भरेपर्यंत पाणी गार झालेलं असेल. चाळीस खोल्यांना द्यायचं तर कुंडं कोरडी. आणि कुंडं कोरडी झाली तर इथे यायचं कशाला?

"बोर मारू," दादा म्हणाले.

मालक काका रिकामा कप उचलून आत गेले. तेव्हा मला ते नुसते दमलेले वाटले.

हॉटेलच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी आणखी एक लहान कुंड होतं, नुसतं दगड रचून केलेलं. तिथे कातकरी वाडीतल्या बायका कपडे धूत होत्या, पोरांना न्हाऊ घालत होत्या. वहिनींना अशा ठिकाणी कुणी ओळख करून द्यावी लागत नाही. मी त्या पाण्याचं तापमान घेईपर्यंत त्या एका म्हाताऱ्या बाईशी दगडावर बसून बोलत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली.

"ताई, ह्या काय बोलतात ते ऐका."

म्हातारीने हाताने वर, हॉटेलच्या कुंपणाकडे दाखवलं. "तिकडं बोर मारलेली चार सालं झाली. मशीन चालू केली का आमचं पाणी थंड. पोरांना थंडीत न्हाऊ घालायचं कसं? मग वरचं कुंड बी थंड झालं, तवा त्याने बंद केली."

"आता येतं गरम?"

"आता येतं. बंद हाय ना."

आम्ही वर आलो. मालक काकांना विचारलं तर त्यांनी नाकारलं नाही. चार वर्षांपूर्वी खोल्यांना झऱ्याचं पाणी द्यावं म्हणून त्यांनीच बोर मारली होती. आठवड्याभरात दोन्ही कुंडं कोमट झाली. बोरवर सिमेंटचं झाकण टाकून त्यांनी बॉयलर बसवला. हे सगळं एजंटला माहीत होतं. तो म्हणाला होता, "काका, ते नंतरचं नंतर बघू."

दुपारी एजंट पनवेलहून आला. चांगला बोलणारा माणूस, आल्या आल्या सगळ्यांची विचारपूस केली. जेवताना तो माझ्याकडे वळला.

"मॅडम, तुम्ही रिपोर्टमध्ये फक्त क्वालिटी लिहा. क्वालिटी बेस्टच आहे. क्वांटिटीचा विषय वेगळा आहे, तो आपला टेक्निकल माणूस बघेल."

"टेक्निकल माणूस मीच आहे," मी म्हणाले. "रिपोर्ट लिहीन तर पूर्ण लिहीन. पाणी कसं आहे, किती आहे, बोर मारली तेव्हा काय झालं, खोल्यांत कुठलं पाणी आहे. एका कागदावर. अर्धा फाडून वापरता येणार नाही असा."

"मग शेठ इन्व्हेस्ट कसे करणार? तुम्ही पोटेन्शिअलच मारून टाकताय."

"पोटेन्शिअल तेवढंच आहे जेवढं त्या पन्हळीतून येतं. तुम्ही हायवे रुंद केलात तरी पन्हळ रुंद होत नाही."

हे बोलताना माझा आवाज चढला नव्हता, आणि मला अजिबात भीतीही वाटली नव्हती. गेटवरच्या त्या बाईपुढे मी गप्प उभी राहिले होते, त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मधल्या काळात मी आणखी काही शिकले नसेन, पण एवढं शिकले होते.

परत आल्यावर दादा रुसले. पुढचे आठ-दहा दिवस जिन्यात भेटले तरी नुसती मान हलवायचे. मी रिपोर्ट पूर्ण करून पाकिटात घालून त्यांच्या घरी दिला. पाण्यात काय आहे ते लिहिलं, गुडघे बरे होतील असं कुठेही लिहिलं नाही, आणि शेवटी बादलीचा हिशेब.

मग एका दुपारी वहिनी एकट्या आल्या. स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहून, मी चहा टाकत असताना म्हणाल्या, "ताई, चाळीस खोल्या नाय होत. पण चौदा तर हायत ना?"

"आहेत."

"दोन कुंडं बारा महिने वाहतात?"

"एप्रिलच्या शेवटी वाहत होती म्हणजे बारा महिने वाहतात."

"मग त्यात काय वाईट हाय? मिठागरात आमी पाणी बघूनच कोंडी, म्हंजे मिठाचे वाफे, भरायचो. जास्त पाहिजे म्हणून भरती मोठी येत नाय." चहाचा कप हातात घेऊन त्या जरा थांबल्या. "मी चालवीन ते हॉटेल. यांना घर खायला उठतं, आणि मलाही. शेत गेल्यापासून आमी दोघं नुसते सोफ्यावर बसलेले असतो."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मला हॉटेल चालवण्यातलं काही कळत नाही. त्या म्हणाल्या, "ते मला कळतं. तुमी पाण्याचं बघा."

दादा आधी हसले. चौदा खोल्यांच्या धंद्याला काय धंदा म्हणायचा, असं त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, "चौदा खोल्या रोज झाडून बघा, मग सांगा." शेवटी विकत न घेता तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने हॉटेल घ्यायचं ठरलं. मालक काकांनी दोन अटी घातल्या: बोरचं झाकण उघडायचं नाही, आणि खालच्या कुंडाकडे जाणारी वाट अडवायची नाही. वहिनींनी त्यांना सांगितलं की या अटी तुम्ही घातल्या नसत्या तर मी घातल्या असत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी दाराशी पाटी लावून घेतली. मजकूर मी लिहून दिला: कुंडातलं पाणी जमिनीतून येतं, खोलीतलं पाणी बॉयलरचं आहे. शेजारी माझा रिपोर्ट, दर तीन महिन्यांच्या नव्या आकड्यांसह. वाडीतल्या चार बायका कामाला आल्या.

सगळं सरळ झालं असं नाही. पहिल्या पावसाळ्यात घाटात दरड आली आणि दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. दिवाळीत मुंबईहून बारा जणांचा एक गट आला, पाटी वाचून त्यांचं डोकं फिरलं, आणि जाताना त्यांनी इंटरनेटवर वाईटसाईट लिहिलं. वहिनींचा फोन आला.

"ताई, पाटी काढू का? यांचं म्हणणं, काढ."

"तुम्हाला काय वाटतं?"

 मागे बादल्यांचा आवाज येत होता. मग वहिनी म्हणाल्या, "काढली तर उद्या खोलीतल्या पाण्याने कुणाची तरी जोडवी काळी पडणार नाय, आणि ती मला विचारेल."

पाटी राहिली. आणि झालं असं की त्याच पाटीचा फोटो काढून कुणीतरी चांगलं लिहिलं: इथे खोटं बोलत नाहीत. डिसेंबरपासून शनिवार-रविवार खोल्या मिळेनाशा झाल्या. आठवड्याच्या मधल्या दिवसांत वयस्क जोडपी येतात, चार-चार दिवस राहतात, कारण इथे गोंगाट नाही आणि जेवण घरचं आहे. एजंटने छापलं होतं तेवढं उत्पन्न कधीच आलं नाही. पण दुसऱ्या वर्षअखेरीस दादा मला म्हणाले, "मॅडम, बँकेत ठेवले असते त्यापेक्षा बरं चाललंय." त्यांच्या तोंडून हे म्हणजे फार झालं. आता ते स्वतः महिन्यातले वीस दिवस तिथेच असतात. बॉयलरची लाकडं बंद करून त्यांनी छपरावर सोलर बसवलं, पाटीवरही तसा बदल करून घेतला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ते पाच मिनिटं समजावून सांगतात.

गेल्या महिन्यात तो एजंट आपल्या आईला घेऊन तिथे राहायला आला होता. वहिनींनी त्याला पूर्ण भाडं लावलं आणि आईला कुंडात उतरायला स्वतः हात दिला.

भाडेपट्टा आता संपत आला आहे आणि मालक काका विकायला तयार आहेत. याच हॉटेलसाठी दुसरंही एक गिऱ्हाईक आहे, त्याला बोर उघडायची आहे. काकांनी त्याला नको म्हणून सांगितलं. परवा दादा माझ्याकडे आले, नेहमीसारखे सोफ्याच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मॅडम, घ्यावं का? खरं सांगा."

तीन वर्षांच्या बाराही नमुन्यांचे कागद माझ्यासमोर होते. तापमान एखाद्या अंशाने इकडेतिकडे, प्रवाह तोच. मी म्हणाले, "घ्या. आणि माझ्या फंडातले थोडे माझेही धरा. जास्त नाहीत."

दादा सोफ्यावर नीट मागे सरकले. "तुमी पैसे घालणार? पाणी तपासणारे पैसे घालतात का?"

"तपासलेल्या पाण्यात घालतात. पण मग रिपोर्टवर माझी सही चालणार नाही. यापुढे नमुना बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचा, आणि त्याने तो झऱ्याच्या तोंडाशी स्वतः भरायचा."

त्यांनी ते मान्य केलं. वहिनींना फोनवर कळवलं तर त्या इतकंच म्हणाल्या की पुढच्या महिन्यात चादरी बदलायच्या आहेत, त्याचं आधी बघा. बुधवारी महाडला रजिस्ट्रेशनला जायचं आहे. गाडी साडेपाचला काढायची असं ठरलंय, कारण नंतर त्या रस्त्याला ट्रक वाढतात.